प्रक्षेप, भाष्य आणि ‘मॉड’ : यंत्रयोद्ध्यांच्या खेळातील वाचकनिर्मिती

१

मराठी संहिताचिकित्सेला ‘प्रक्षेप’ ही संज्ञा चांगलीच परिचित आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढील वाचकांनी तीत आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. असा निषेध करावा लागतो याचा अर्थ भर घालण्याची प्रेरणा तितकीच बळकट होती. एखाद्या संहितेवर मनापासून प्रेम करणारा वाचक केवळ वाचून थांबत नाही, तिच्यात स्वतःचा हात उमटवू पाहतो. संहिताचिकित्सक हा हात शोधून वेगळा काढतो. या दोघांच्या झगड्यातून आपल्याकडे ‘मूळ’ आणि ‘भर’ यांविषयीचा विचार घडत गेला आहे.

प्रस्तुत लेखात हा जुना प्रश्न एका सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रात नेऊन पाहावयाचा आहे. संगणकावरील खेळांमध्ये चाहत्यांनी केलेल्या फेरफारांना ‘मॉड’ म्हणतात. महाकाय यंत्रयोद्ध्यांच्या व्यूहप्रधान खेळांभोवती अशा मॉडचे आणि चाहत्यांनी काढलेल्या चित्रांचे एक मोठे विश्व उभे राहिले आहे. त्याचा विचार एरवी छंद, बाजारपेठ किंवा तंत्रज्ञान या सदरांखाली होतो. ती वाचनाची एक रीत आहे, आणि म्हणून समीक्षेचा विषय आहे, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे. मात्र असे म्हटले की मूल्यमापनाची जबाबदारीही येते. चाहत्याने प्रेमाने केले म्हणून ते चांगले, हे म्हणणे आस्वादाचे असेल, समीक्षेचे नव्हे.

विवेचनासाठी ‘बॅटलटेक’ ही एकच परंपरा निवडली आहे. शिकागोतील फासा या संस्थेने १९८४ मध्ये ‘बॅटलड्रॉइड्स’ या नावाने हा पटावरचा खेळ प्रसिद्ध केला. ‘ड्रॉइड’ या शब्दावर ‘स्टार वॉर्स’च्या निर्मात्यांनी हक्क सांगितल्यामुळे १९८५ मध्ये त्याचे नाव बदलून ‘बॅटलटेक’ झाले. षट्कोनी घरांच्या पटावर ‘मेक’ नावाची, आत चालक बसलेली, वीस ते शंभर टन वजनाची यंत्रे एकमेकांशी लढतात. प्रत्येक शस्त्र डागताना उष्णता निर्माण होते आणि ती मर्यादेबाहेर गेली की यंत्र आपोआप बंद पडते. सामर्थ्य आणि संयम यांचा हा हिशेब हाच या खेळाचा घाट होय.

खेळाच्या कथाविश्वाची सुरुवातीची पार्श्वभूमी इसवी सन ३०२५ ची आहे. शतकानुशतकांच्या युद्धांनी ज्ञान नष्ट झाले आहे. नवी यंत्रे घडवण्याची विद्या बहुतांशी हरवली आहे. पूर्वजांची यंत्रे ठिगळे लावून वापरली जात आहेत. बापाकडून मुलाकडे मेक जातो, जशी एखाद्या घरात जमीन जाते. तेव्हा टंचाई हे या संहितेचे आशयसूत्र आहे. पुढील सर्व विवेचनात हे सूत्र आपल्याला लागणार आहे.

२

या परंपरेत ‘मूळ’ कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पहिल्या आवृत्त्यांतील अनेक यंत्रांची रूपे फासाने स्वतः रेखाटलेली नव्हती. ती जपानी चित्रमालिकांतून, प्रतिकृतींच्या आयातदारामार्फत परवाना घेऊन उचललेली होती. ‘वॉरहॅमर’, ‘रायफलमन’ आणि ‘आर्चर’ ही यंत्रे १९८२ च्या ‘माक्रोस’मधील होती, ‘शॅडो हॉक’ ‘डौग्राम’ या मालिकेतील. म्हणजे ज्याला आपण आद्य संहिता म्हणतो तिचे दृश्य अंग आधीच दुसऱ्या एका संहितेतून आलेले होते. कथा, नियम आणि आकडे अमेरिकेतले, देह जपानी.

‘माक्रोस’चे अमेरिकेतील हक्क आपल्याकडे असल्याचा दावा हॅर्मनी गोल्ड ही कंपनी करत होती. १९९० च्या दशकात वाद न्यायालयात गेला आणि १९९६ मधील तडजोडीनंतर फासाने ही चित्रे वापरणे थांबवले. वाचकांनी या यंत्रांना एक नाव दिले : ‘अनसीन’, म्हणजे न दिसणारे. यंत्रे कथेतून गेली नाहीत. त्यांची नावे, वजने आणि शस्त्रे पुस्तकांत तशीच राहिली. गेले ते केवळ रूप.

साहित्यविचारात वोल्फगांग इझर यांनी संहितेतील रिकाम्या जागांची संकल्पना मांडली. लेखक जे सांगत नाही ते वाचक भरून काढतो आणि त्यातून अर्थ घडतो. ‘अनसीन’ची रिकामी जागा मात्र लेखकाने ठेवलेली नव्हती, ती कायद्याने पाडलेली होती. इझर यांच्या विचारात न बसणारी अशी ही जागा आहे. येथे वाचकाला काय भरावयाचे आहे हे ठाऊक आहे, त्याने ते पूर्वी पाहिलेलेही आहे; तेच पुन्हा काढण्याची मुभा तेवढी नाही. आठवण आहे आणि अनुकरणास बंदी आहे, अशा कोंडीत चाहत्यांची चित्रकला वाढली.

या कोंडीतून मार्ग काढण्यास आकड्यांनी मदत केली. नियमपुस्तकातील ‘वॉरहॅमर’ घ्या. वजन सत्तर टन. दोन्ही बाहूंच्या जागी कणतोफा. शिवाय सहा नळ्यांचा क्षेपणास्त्रपेटारा, लहानमोठे लेसर आणि मशीनगन. चित्रकाराने जपानी चित्र बाजूला ठेवून केवळ या तक्त्याबरहुकूम रेखाटन केले तरी हातांऐवजी दोन तोफा असलेली, जडशीळ, पुढे रोखलेली आकृतीच हाती येते. कायदा विशिष्ट अभिव्यक्तीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. चाहत्यांच्या चित्रांनी हा भेद प्रत्यक्षात करून दाखवला. काव्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर लक्षण शिल्लक होते आणि चित्रकारांनी त्यासाठी नवे उदाहरण घडवले. या अर्थाने ती चित्रे तक्त्याचे वाचन आहेत.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. चाहता म्हणून यंत्रे रेखाटणारा ॲलेक्स इग्लेसियास हा चित्रकार ‘मेकवॉरियर ऑनलाइन’ (२०१३) या अधिकृत खेळाचा संकल्पनाचित्रकार झाला. ‘अनसीन’ यंत्रांची नवी रूपे त्या खेळात आली. त्याच खेळाची यंत्रप्रारूपे २०१८ च्या ‘बॅटलटेक’ या संगणकीय व्यूहखेळाने वापरली. हॅर्मनी गोल्डने २०१७ मध्ये पुन्हा दावा लावला आणि तो २०१८ मध्ये निकाली निघाला. त्यानंतर नोव्हेंबर २०१९ मधील ‘हेवी मेटल’ या पुरवणीतून वॉरहॅमर, रायफलमन आणि आर्चर अधिकृतपणे त्या खेळात परतले. म्हणजे चाहत्याच्या हातून घडलेली शैली अधिकृत झाली आणि त्या अधिकृत रूपावर पुढच्या चाहत्यांनी आपले मॉड रचले. या वर्तुळात ‘मूळ’ कोठे आणि ‘भर’ कोठे? काळाच्या क्रमाने पाहिले तर उत्तर मिळत नाही. मिळते ते एवढेच, की अमुक टप्प्यावर परवाना होता आणि अमुक टप्प्यावर नव्हता.

३

चित्राकडून आता खेळाच्या रचनेकडे वळू. २०१८ चा ‘बॅटलटेक’ हेअरब्रेन्ड स्कीम्स या संस्थेने घडवला आणि पॅराडॉक्सने प्रसिद्ध केला. संस्थेच्या संस्थापकांपैकी जॉर्डन वाइसमन हे फासाचेही एक संस्थापक आणि मूळ खेळाच्या कर्त्यांपैकी एक. मात्र संगणकीय खेळांचे हक्क फासा इंटरॅक्टिव्ह विकत घेणाऱ्या मायक्रोसॉफ्टकडे १९९९ मध्येच गेलेले होते. परिणामी स्वतःच रचलेल्या विश्वात परतण्यासाठी कर्त्याला परवाना घ्यावा लागला. रोलां बार्त यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली ती वाचकाच्या जन्मासाठी. येथे लेखक जिवंत आहे, पण मालक नाही; आणि त्याने जे केले ते काटेकोरपणे पाहिले तर आपल्याच संहितेवरील भाष्य आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. पटावरील खेळात मध्यम लेसरचे वजन एक टन आणि आघात ५. ‘ऑटोकॅनन ५’ या तोफेचे वजन आठ टन आणि आघात तेवढाच, ५. तोफेचा पल्ला दुप्पट आहे आणि उष्णताही कमी होते हे खरे. तरीही आठपट वजन देऊन समान आघात मिळावा, ही विसंगती खेळाडूंना दीर्घकाळ खुपत आली. २०१८ च्या खेळात लेसरचा आघात ५ वरून २५ केला गेला, म्हणजे पाचपट. सर्वांत मोठ्या तोफेचा २० वरून १००, म्हणजे पुन्हा पाचपट. परंतु ‘ऑटोकॅनन ५’ चा आघात त्या प्रमाणात २५ न होता ४५ झाला. ‘ऑटोकॅनन १०’ चा ५० न होता ६०. आणि ‘ऑटोकॅनन २’ चा १० न होता २५. हे भाषांतर नव्हे. प्रमाण मोडून केलेले हे अर्थनिर्णयन आहे : पटाचा नियम आपल्या आशयाशी जेथे प्रामाणिक नव्हता तेथे तो दुरुस्त करून वाचला गेला आहे.

मॉड करणारा नेमके हेच करतो. या खेळातील बरीचशी माहिती साध्या मजकुराच्या फाइलींत नोंदलेली असते : कोणत्या शस्त्राचे वजन किती, आघात किती, उष्णता किती. मॉडचा कर्ता आपली वेगळी फाइल लिहितो. ‘मॉडटेक’सारखे साधन खेळ सुरू होताना ती वाचते आणि मूळ नोंदींशी तिचा मेळ घालते. मूळ आकडा खोडला जात नाही, त्यावर दुसरा आकडा बसवला जातो. मॉड काढून टाकला की मूळ संहिता जशीच्या तशी समोर येते.

‘प्रक्षेप’ ही संज्ञा येथे अपुरी पडते ती याच ठिकाणी. प्रक्षेप करणारा स्वतःला लपवतो. आपली ओवी मूळ कवीचीच वाटावी ही त्याची इच्छा असते. मॉडचा कर्ता आपली भर उघडपणे भर म्हणूनच पुढे ठेवतो. त्या दृष्टीने तो टीकाकाराच्या अधिक जवळ आहे. पण टीका संहितेच्या शेजारी बसते, मॉड संहितेच्या आत शिरून काम करतो. टीकाकाराचे म्हणणे चुकले तरी मूळ श्लोकाला बाधा येत नाही. मॉडमधील एखादे चिन्ह चुकले तर खेळ उघडतच नाही. म्हणून मॉडला ‘चालते भाष्य’ म्हणावे असे सुचवावेसे वाटते. भाष्यकाराला आपला अर्थ येथे केवळ सांगून भागत नाही, तो चालवून दाखवावा लागतो.

४

भाष्य म्हटले की चांगले आणि वाईट हा भेद आला. आकड्यांची फाइल चालली एवढ्याने तिच्यातील अर्थ चालला असे होत नाही. या ठिकाणी दोन मॉडची तुलना उपयुक्त ठरेल.

मूळ खेळात खेळाडू भाडोत्री सैनिकांच्या एका लहान तुकडीचा नायक असतो. रणांगणावर चार मेक. दर महिन्याला पगार आणि दुरुस्तीचा खर्च चुकवावा लागतो. पैसा संपला की खेळ संपतो. पाडाव केलेल्या शत्रूचे अवशेष गोळा करायचे आणि पुरेसे भाग जमले की एक मेक उभा करायचा. जखमी चालक आठवडेच्या आठवडे अंथरुणात. मेलेला परत येत नाही. टंचाईचे आशयसूत्र अशा रीतीने हिशेबाच्या वहीत उतरले आहे. एका हाताची तोफ तुटली तर तिची हळहळ वाटते, कारण दुसरी कोठे मिळेल याची खात्री नसते.

‘रोगटेक’ हा या खेळावरील सर्वांत विख्यात मॉडपैकी एक. त्याचा स्वभाव संग्राहकाचा आहे. शेकडो यंत्रे आणि त्यांचे उपप्रकार, निरनिराळ्या कालखंडांतील शस्त्रे, रणगाडे, उपकरणांचे बारीक बारीक भेद हे सर्व त्यात आहे. खेळाडूंच्या जयपराजयाने सीमा सरकतात असा सामाईक युद्धनकाशाही त्यात आला. या परिश्रमाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. चाळीस वर्षांच्या नियमपुस्तकांतून विखुरलेली सामग्री एका जागी चालती करणे हे कोशकाराचे काम आहे. पण संहितेच्या आशयाचे येथे काय होते? सर्वच उपलब्ध झाले की हरवण्याला अर्थ उरत नाही. तुटलेल्या तोफेची हळहळ वाटण्यापूर्वीच तिच्याहून सरस तोफ दुकानात दिसते. अडचण वाढते, शत्रू अधिक क्रूर होतो, परंतु काठिण्य म्हणजे टंचाई नव्हे. नियम अधिक कडक झाले आणि आशय पातळ झाला, असा विचित्र अनुभव येतो.

‘बॅटलटेक एक्स्टेंडेड ३०२५’ हा मॉडही मूळ खेळाचा नकाशा विस्तारतो आणि नवी यंत्रे आणतो. मात्र त्याची भर कालगणनेला बांधलेली आहे. कथाविश्वात जे यंत्र ज्या वर्षी निर्माण झाले ते त्या वर्षापूर्वी सहसा भेटत नाही. ३०२५ मध्ये खेळाडू ठिगळांच्या जगातच राहतो. वर्षे सरत जातात, हरवलेली विद्या थोडी थोडी परत येते आणि ३०५० च्या सुमारास दूरच्या अवकाशातून ‘क्लॅन’ नावाची सैन्ये श्रेष्ठ शस्त्रे घेऊन उतरतात. मधली पंचवीस वर्षे ज्याने काटकसरीत काढली त्यालाच या आगमनाचा धक्का बसतो. विपुलता येथे आयती मिळत नाही, ती आपत्ती होऊन येते. भर घालतानाच ती रोखून धरणे यात या मॉडच्या कर्त्यांची अर्थदृष्टी दिसते. काय घालावे यापेक्षा केव्हा घालू नये याचा निर्णय त्यांनी घेतला आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. ‘रोगटेक’मध्ये काय घ्यावे आणि काय वगळावे याचे बरेच पर्याय खेळाडूपुढे असतात; तेव्हा निवडीचा अभाव हा त्याचा दोष कसा? आक्षेप रास्त आहे, आणि विपुलतेतून चाळत बसण्याचा स्वतंत्र आनंदही नाकारता येणार नाही. पण अशा वेळी अर्थ लावण्याची जबाबदारी भाष्यकाराकडून वाचकाकडे सरकते. कोश वाचकाला सर्व अर्थ देतो आणि निवड त्याच्यावर सोपवतो. भाष्य एक अर्थ देते आणि त्याची जबाबदारी स्वीकारते. दोहोंची गरज आहे. दोहोंना एकाच मापाने मोजणे तेवढे चूक.

तिसरी वाट ‘मेगामेक’ या विनामूल्य, खुल्या परवान्याच्या संगणकीय प्रयोगाची आहे. तो पटावरील नियम शक्य तितके अक्षरशः संगणकावर चालवतो. ‘ऑटोकॅनन ५’ ची विसंगतीही तेथे तशीच नांदते. षट्कोनी घरात मावणारी यंत्रांची इवली चित्रे स्वयंसेवकांनी काढली आहेत. त्यांत अलंकरणाचा सोस नाही, यंत्र चटकन ओळखू यावे एवढाच हेतू आहे. दुरुस्ती न करता पाठ जतन करण्याची ही निष्ठा संहिताचिकित्सकाची आहे. अशा रीतीने कोशकार, भाष्यकार आणि पाठरक्षक या तीनही भूमिका या चाहत्यांमध्ये आढळतात. ‘चाहता’ या एका शब्दात त्या पुसून जातात, आणि म्हणून समीक्षेने तो शब्द जपून वापरावा.

५

प्रारंभीचा प्रश्न आता पुन्हा विचारता येईल. मूळ आणि भर यांतील सीमा कशाने ठरते? काळाने नाही, कारण मूळातच उसनवारी आहे. कर्तृत्वाने नाही, कारण कर्त्यालाही परवाना लागला. गुणवत्तेनेही नाही, कारण संयमित मॉड हा अधिकृत खेळाइतकाच संहितेला जागलेला असू शकतो. शिल्लक राहते ती मालकी. परंतु मालकी ही कायद्यातील कोटी आहे, साहित्यविचारातील नव्हे. समीक्षेने ‘अधिकृत’ हा शब्द ‘मूळ’ या अर्थाने वापरणे म्हणजे न्यायालयाची तडजोड काव्यशास्त्र म्हणून स्वीकारणे होय.

या भेदाचे परिणाम सैद्धान्तिक चर्चेपुरते मर्यादित नाहीत. २०२० नंतर कर्त्यांचे लक्ष दुसऱ्या प्रकल्पांकडे वळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हेअरब्रेन्ड स्कीम्स आणि पॅराडॉक्स विभक्त होत असल्याचे जाहीर झाले. खेळ पॅराडॉक्सकडे राहिला आणि त्याचे कर्ते त्यापासून वेगळे झाले. तेव्हापासून या संहितेचे चलनवलन मुख्यतः मॉडच्या कर्त्यांच्या हाती आहे. त्यांना त्याचे वेतन नाही, हक्क नाहीत, आणि त्यांचे काम कोठे नीट नोंदले जाईल याची शाश्वतीही नाही. मॉड मूळ खेळाच्या विशिष्ट आवृत्तीवर उभा असतो. मूळ बदलले की तो मोडतो. तो स्वतःही सतत बदलत असतो, आणि कालचा पाठ आज मिळेलच असे नाही. ज्याच्या जोरावर त्याला ‘चालते भाष्य’ म्हटले तोच गुण त्याच्या नश्वरतेचे कारण आहे. न चालणारे भाष्य निदान वाचता तरी येते. बंद पडलेला मॉड कळायलाही अवघड.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिच्या संपादकांनी प्रक्षिप्त ठरलेले श्लोक मुख्य पाठातून काढले, पण टाकून दिले नाहीत. तळटिपांत आणि परिशिष्टांत ते जपले. वाचकपरंपरेने संहितेशी काय केले याचा तो पुरावा आहे, हे त्यांनी ओळखले होते. मॉडविषयी लिहिणाऱ्या अभ्यासकाला याहून चांगला वस्तुपाठ मिळणार नाही. कोणत्या मॉडची कोणती आवृत्ती, मूळ खेळाच्या कोणत्या आवृत्तीवर, कोणता आकडा कशावरून कशावर नेला, ही नोंद प्रथम झाली पाहिजे. पाठ निश्चित केल्यावाचून अर्थाची चर्चा करू नये, हा आपल्या अभ्यासाचा पहिला नियम आहे. तो सत्तर टनांच्या यंत्रालाही लागू आहे.